देवळातला विजेचा नगारा दुरुस्त करावा, की डिजिटल संच बसवावा?

प्रश्न — किनाराकर

नमस्कार मंडळी,

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि ग्रामदेवतेचे देऊळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. देवळाच्या सभामंडपात विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र बसवलेले आहे. ज्यांनी असे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : लोखंडी चौकटीत मधोमध नगारा, त्याच्या दोन्ही अंगांना घंटा, वर झांजांचा एक जोड आणि खाली मोटर अशी त्याची रचना असते. बटण दाबले की टिपऱ्या नगाऱ्यावर पडू लागतात, घंटा हलू लागतात आणि आरती संपेपर्यंत सगळे एका लयीत वाजत राहते. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर संध्याकाळच्या आरतीला गुरवांखेरीज एखाद-दुसरेच कोणी असते. त्यांच्या एका हातात आरती आणि दुसऱ्या हातात घंटी असताना नगारा कोण वाजवणार, म्हणून काही वर्षांपूर्वी मुंबईकरांच्या वर्गणीतून हे यंत्र आले.

आता त्याची अवस्था वाईट आहे. चौकट गंजली आहे, एक घंटा तडकली आहे, नगाऱ्याचा आवाज बसल्यासारखा येतो आणि यंत्राचा स्वतःचा खडखडाट इतका वाढला आहे की आरतीचे शब्द कानावर पडत नाहीत. देवस्थान समितीपुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिला, हेच यंत्र दुरुस्त करून घेण्याचा. दुसरा, ते काढून टाकून डिजिटल संच बसवण्याचा. त्यात नगारा, घंटा, शंख आणि सनई यांचे ध्वनिमुद्रण भरलेले असते, वेळ लावून ठेवता येते, मुंबईत बसून मोबाइलवरूनही तो चालू करता येतो आणि आवाजासाठी देवळाबाहेर दोन कर्णे लावायचे असतात. विक्रेत्याचे म्हणणे असे की आवाज हुबेहूब असतो आणि हलणारा भाग एकही नसल्यामुळे बिघडायला काही उरतच नाही.

मला विचारायचे आहे ते हे की, आवाजात खरोखर काही फरक पडतो की तो आपल्या कानांच्या सवयीचा भाग आहे? खाऱ्या हवेत आणि आमच्या पावसात दोहोंपैकी काय टिकते? आणि या दोन टोकांच्या मधला एखादा मार्ग आहे का? समितीची बैठक लवकरच आहे, म्हणून ज्यांचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर — वंगण

नमस्कार. मी सिंधुदुर्गात मोटर रिवाइंडिंगचे आणि लहान यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतो, आणि अशी यंत्रे माझ्या हाताखालून गेलेली आहेत. आपण जी लक्षणे लिहिली आहेत, त्यांतील तडकलेली घंटा सोडली तर बाकी सगळे दुरुस्त होण्यासारखे आहे.

या यंत्रात बहुधा पाव किंवा अर्धा हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर असते. चार पोलची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. तेवढ्या वेगाने नगारा वाजवून चालणार नाही, म्हणून लहान पुली, पट्टा आणि मोठी पुली यांच्या मदतीने तो वेग साधारण दहाव्या-बाराव्या हिश्शावर आणतात आणि मग मुख्य दांडा फिरतो. या दांड्यावर कॅम, म्हणजे एका बाजूला उंचवटा असलेल्या चकत्या, बसवलेल्या असतात. कॅमचा उंचवटा टिपरीच्या शेपटीला दाबतो, टिपरी वर उचलली जाते, उंचवटा सरकून गेला की स्प्रिंग तिला खाली ओढते आणि ती नगाऱ्यावर पडते. टोला चांगला यायचा असेल तर टिपरीने पानाला, म्हणजे नगाऱ्याच्या तोंडावर ताणलेल्या पडद्याला, स्पर्श करून लगेच मागे आले पाहिजे. स्प्रिंग ढिली झाली किंवा टिपरीची थांबायची जागा बिघडली की टिपरी पानावर टेकून राहते आणि पानाचे कंपन तिथेच दाबून टाकते. आपला नगारा बसल्यासारखा वाजतो त्याचे कारण निम्म्याहून अधिक वेळा हेच असते. पान सैल झाले असेल तर त्याची भर पडते. कातड्याचे पान पावसाळ्यात दमट हवेने उतरतेच, त्यामुळे किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी फायबरचे पान लावतात. त्याचा आवाज थोडा कोरडा येतो, पण आषाढातही तो तसाच राहतो.

खडखडाट हा यंत्राचा स्वभाव नाही. दांडा ज्या बुशांमध्ये फिरतो ती झिजली की दांडा डगमगतो आणि प्रत्येक फेऱ्याला चौकट हादरते. गनमेटलची नवी बुशे लेथवर करून घ्या, मोटरखाली जाड रबराचे तुकडे द्या, घंटेच्या जोडदांड्यांच्या खिळ्या बदला. अर्धा खडखडाट त्याच दिवशी जाईल. तडकलेल्या घंटेला वेल्डिंग करण्याच्या भरीस मात्र पडू नका. वेल्डिंगने भेग बुजते, पण मूळ नाद सहसा परत येत नाही. ती मोडीत देऊन काशाची नवी घंटा ओतून घ्यावी.

खाऱ्या हवेविषयी. मीठ हवेतील ओल धरून ठेवते, म्हणून साधे लोखंड इथे नुसत्या रंगाने वाचत नाही. रंगाला एक टवका उडाला की आतून पापुद्रे सुटू लागतात. चौकट नवीन करायची झाली तर स्टेनलेस स्टीलची करावी, आणि शक्य असेल तर ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे स्टील घ्यावे, कारण त्यातील मॉलिब्डेनममुळे ते खारेपणाला सहज दाद देत नाही. खर्च वाढतो, पण चौकट एकदाच करायची असते.

आता डिजिटल संचात बिघडायला काही नसते, या विधानाबद्दल. कर्ण्याच्या आतील पडदा हा हलणारा भागच आहे. सर्किटच्या पाटीवरील तांब्याला किनाऱ्यावर हिरवा गंज चढतो, ऊब मिळते म्हणून अँप्लिफायरमध्ये मुंग्या घर करतात, पाली शिरून शॉर्ट होते आणि जूनमधील पहिल्या विजांच्या कडकडाटात किती संच जातात ते आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ढिगावरून कळते. यंत्र बिघडण्याआधी कुरकुरते, त्यामुळे आपल्याला तयारीला वेळ मिळतो. संच आदल्या दिवशी उत्तम वाजलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी मुका होतो. मग त्याची पाटी ज्या शहरातून आली तिथेच पाठवावी लागते. यंत्राचा कोणताही भाग रत्नागिरीत किंवा कणकवलीत कोणीही लेथवाला करून देईल.

दुरुस्तीच्या वेळी अर्थिंग तपासून घ्या आणि पट्ट्यावर जाळी बसवा. लहान मुले यंत्राभोवती उभी राहतात, तेव्हा हे काम सर्वांत आधी व्हायला हवे.

उत्तर — स्वरलेख

वरील उत्तर उत्तम आहे. मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात असल्यामुळे आवाजाच्या बाजूने लिहितो.

प्रश्नाची मांडणी यांत्रिक विरुद्ध डिजिटल अशी झाली आहे, ती थोडी बदलावी असे मला वाटते. आपोआप वाजणाऱ्या संगीताचा इतिहास पाहिला तर त्यात दोन वेगळ्या वाटा दिसतात. एका वाटेत यंत्राला ‘काय वाजवायचे’ याची सूचना दिलेली असते आणि वाद्य प्रत्यक्ष समोर वाजते. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी खुंट्या बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर चालणाऱ्या वाद्याचे वर्णन करून ठेवले आहे. १७९६ साली जिनिव्हाच्या आंत्वान फाव्र या घड्याळजीने पोलादी दातांच्या फणीची कल्पना मांडली आणि त्यातून चावीची संगीतपेटी आली. पुढे भोके पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर चालणारे पियानो आले. जर्मनीतील वेल्टे कंपनीने १९०४ साली आणलेला पियानो तर वादकाच्या बोटांचा हलका-भारी दाबही बऱ्याच अंशी पुन्हा उभा करत असे. मुंबईतील राजाबाई टॉवरच्या घंटांवरही एकेकाळी यंत्राने धून वाजत असत. आपल्या देवळातील कॅमचा दांडा हा याच घराण्यातला आहे : उंचवटा आला की टोला, उंचवटा नाही तिथे शांतता.

दुसरी वाट ध्वनीच साठवून ठेवण्याची आहे. १८७७ सालच्या एडिसनच्या फोनोग्राफपासून आजच्या एमपी३ फायलीपर्यंत तीच वाट चालू आहे. इथे वाद्य एकदा कुठेतरी वाजलेले असते आणि आपण त्याची छाप ऐकतो.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की डिजिटल तंत्र दोन्ही वाटांवर आहे. १९८३ साली आलेल्या मिडी या पद्धतीत ध्वनी साठवलेला नसतो. कोणता स्वर, केव्हा, आणि ० ते १२७ यांपैकी किती जोराने, एवढीच सूचना असते. म्हणजे ती कागदी गुंडाळीची थेट वारस आहे. ही सूचना संगणकातल्या आभासी वाद्याला देता येते, तशीच ती लाकूड, तारा आणि हातोड्या असलेल्या खऱ्या पियानोलाही देता येते, आणि असे पियानो गेली अनेक वर्षे बाजारात मिळतात. त्यामुळे समितीपुढचा खरा प्रश्न असा आहे की, देवळात रोज संध्याकाळी पानावर टोला पडणार आहे, की पूर्वी कुठेतरी पडलेल्या टोल्याची छाप ऐकू येणार आहे?

आपण विचारलेला फरक कानांच्या सवयीचा नाही, तो मोजता येण्यासारखा आहे, आणि त्याचे मुख्य कारण फाईल नसून कर्णा आहे. नेहमीच्या कर्ण्यातून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचा आणि सात-आठ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज नीट बाहेर पडत नाही. नगाऱ्याचा घुमारा पहिल्या मर्यादेच्या बराच खाली असतो आणि झांजेची झळाळी दुसऱ्या मर्यादेच्या बरीच वर जाते. जे उरते ते नगाऱ्याच्या पानावरचा टपटप आवाज आणि घंटेचा मधला कर्कश पट्टा. मग ध्वनिमुद्रण कितीही उंची प्रतीचे असले तरी काय उपयोग? खरा नगारा वाजतो तेव्हा त्याचे भांडे, चौकट, सभामंडपाची जमीन असे सगळे थोडेथोडे कंप पावते आणि आवाज चारी बाजूंना पसरतो. कर्णा तो एका दिशेला फेकतो, त्यामुळे समोरच्या वाडीला त्रास होतो आणि गाभाऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र आवाज बाहेरून आल्यासारखा वाटतो.

घंटेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. घंटेचा आधीचा नाद विरलेला नसताना दुसरा टोला पडतो आणि तो त्या चालू कंपनात मिसळतो. कधी त्याला उचलून धरतो, कधी त्यातला एखादा उपस्वर मारतो. त्यामुळे यंत्र एकसारखे चालत असले तरी दोन टोले एकसारखे ऐकू येत नाहीत. स्वस्त संचात एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवलेला असतो आणि तो जिथे जोडलेला असतो ती जागा थोड्याच वेळात कानाला सापडते. एकदा सापडली की ती विसरता येत नाही. चांगल्या आभासी वाद्यांमध्ये एकाच टोल्याची अनेक ध्वनिमुद्रणे आलटून पालटून वापरतात आणि हा दोष बराच कमी होतो, पण देवळांसाठी विकल्या जाणाऱ्या संचात एवढी मेहनत घेतलेली मी पाहिलेली नाही.

कायद्याची बाजूही पाहावी. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो वापरता येत नाही. आपली काकड आरती सहाच्या आत होत असेल तर वेळ लावून ठेवलेला कर्णा आपल्याला अडचणीत आणेल. हे निर्बंध रात्रीच्या वेळी इतर वाद्यांनाही लागू आहेत, म्हणून पहाटे यंत्रही बंद ठेवून हातातल्या घंटीवर भागवणे शहाणपणाचे.

उत्तर — गिरगावातून

मी मूळचा दापोली तालुक्यातला आणि मुंबईत राहणारा. डिजिटलच्या बाजूने कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहितो आणि मनापासून लिहितो. विजेच्या नगाऱ्याला आवाज कमी करण्याचे बटण नसते. आमच्या वाडीत देवळाला लागून असलेल्या घरात आजारी माणूस असताना रोज संध्याकाळी ते यंत्र पूर्ण ताकदीने वाजत असे आणि कोणाला काही करता येत नसे. संचाचा आवाज एका बोटाने उतरतो.

दुसरे असे की नव्या साधनाला आपण उगाच परके मानतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७९ साली बंगळूरमध्ये तयार झाला आणि आज मोठमोठे गायकही रियाजाला तो किंवा मोबाइलमधला तानपुरा लावतात. स्वरलेख यांनी वेल्टेच्या पियानोचा उल्लेख केला आहे. संगीतकार गुस्ताव माहलर यांनी १९०५ साली त्याच गुंडाळ्यांवर आपले वादन नोंदवले होते आणि आज अशा गुंडाळ्या संगणकावर उतरवून जतन केल्या जात आहेत. कागद फाटतो, रबर वाळते. अशा वेळी यांत्रिक संगीताला डिजिटल तंत्रानेच हात दिला आहे.

माझी सूचना अशी की समितीने विकतचे ध्वनिमुद्रण घेऊच नये. शिमग्याला गावात सनई-चौघडा वाजवणारी जाणती माणसे एकत्र येतात, त्यांचे वादन आपल्याच सभामंडपात चांगल्या मायक्रोफोनने ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा उंची प्रतीत नोंदवून ठेवावे आणि कर्णे न लावता मंडपाच्या आत एक मध्यम आकाराचा लाकडी पेटीचा स्पीकर ठेवावा. आवाज वाडीत जाणार नाही आणि परवानगीचा प्रश्नही सौम्य होईल.

उत्तर — चौघडा

आमच्या घराकडे देवळातील नौबतीचे काम पिढ्यान्‌पिढ्या आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो.

यंत्र आणि संच यांच्यात आपण निवड करत आहात, पण लयीच्या दृष्टीने मला दोन्ही सारखेच वाटतात. आरतीची लय पहिल्या कडव्याला जी असते ती शेवटाला नसते. माणसे रंगली की ती चढते, एखादी म्हातारी बाई मागे पडली की वाजवणारा हात क्षणभर धरतो, आणि हे कोणी ठरवून करत नाही. यंत्रापुढे गाणाऱ्यांना यंत्राच्या मागे जावे लागते. शिमग्यात पालखी नाचवताना कोणी यंत्र लावत नाही ते याचमुळे : पालखी खांद्यावरून वर उचलली जाते तेव्हा ढोलाने तिच्याबरोबर उठायचे असते.

तरीही दोहोंपैकी एक निवडायचे झाले तर मी यंत्राच्या बाजूने आहे, आणि कारण साधे आहे. यंत्रात नगारा असतो. मोटर बंद करा, टिपऱ्यांची जोडणी सोडा, आणि तोच नगारा मे महिन्यात मुंबईहून आलेल्या पोराच्या हातात देता येतो. आमच्या गावातील दोन मुले अशीच शिकली. वीज गेली होती, आरती थांबवता येत नव्हती, त्यांनी लाकडे उचलली आणि मग ती रोज येऊ लागली. संच आणलात तर वर्षाकाठी आठ-दहा दिवस माणसे असतात त्या दिवसांतही देवळात वाजवण्यासारखे काही उरणार नाही. म्हणून दुरुस्ती करताना नगारा चौकटीतून सहज सुटा होईल आणि उभे राहून हाताने वाजवण्याच्या उंचीवर ठेवता येईल, अशी सोय अवश्य करून घ्यावी.

गिरगावातून यांनी ध्वनिमुद्रणाची जी सूचना केली आहे ती मात्र मला फार मोलाची वाटते. सनईवर जुन्या चाली वाजवणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. ते ध्वनिमुद्रण आरतीला लावण्यासाठी नको, शिकणाऱ्यांसाठी हवे. नगाऱ्याचा उजवा आणि डावा हात वेगळा कळेल इतक्या जवळून ते केले पाहिजे.

किनाराकर

सर्वांचे मनापासून आभार. समितीपुढे ही सगळी चर्चा छापून ठेवणार आहे. कर्ण्याचा मुद्दा आणि नगारा सुटा करण्याचा मुद्दा हे दोन्ही आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलेले नव्हते. आता दोन शंका उरतात. यंत्र ठेवले तर त्याची लय आणि आवाज थोडाफार कमी-जास्त करता येईल का? आणि वीज गेली तर ते इन्व्हर्टरवर चालेल का? कोणी सोलेनॉइड, म्हणजे वीज दिली की दांडी ओढणारी चुंबकी गुंडाळी, बसवण्याचेही सुचवत आहे.

उत्तर — वंगण

दोन्ही गोष्टी होतात. आताची सिंगल फेज मोटर काढून त्याच ताकदीची थ्री फेज मोटर बसवावी आणि तिला सिंगल फेज वीज घेऊन चालणारा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे उपकरण, जोडावा. पिठाच्या गिरण्यांपासून पंपांपर्यंत सगळीकडे तो वापरतात, त्यामुळे मिळायला अडचण नाही. त्याच्या बटणाने मोटरचा वेग हवा तसा उतरवता-चढवता येतो, म्हणजे आरतीच्या सुरुवातीला संथ आणि शेवटाला जलद असे गुरवांना हाताजवळच्या एका बटणावर करता येईल. चौघडा यांनी लिहिलेले हाताचे शहाणपण त्यात येणार नाही, पण गाणाऱ्यांना यंत्रामागे धावावे लागणार नाही.

आवाजासाठी टिपरीच्या स्प्रिंगला ताण बदलण्याचा स्क्रू द्यावा आणि टिपरीच्या टोकाला नमद्याची टोपी करून ठेवावी. घरात कोणी आजारी असेल त्या दिवसांत टोपी चढवली की टोला मऊ पडतो. घंटांची जोडणी एका खिळीने सुटी करता आली तर त्या दिवशी नुसता नगारा वाजेल.

अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ३७३ वॉट. साधी मोटर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट वीज ओढते आणि घरगुती इन्व्हर्टर तिथेच बसतो. व्हीएफडी मोटरला हळूहळू वेग देतो, त्यामुळे हा झटका टळतो. व्हीएफडी आणि इन्व्हर्टर सभामंडपात ठेवू नका. भांडारघरात, बंद पेटीत, भिंतीपासून थोडे सोडून बसवा आणि आकाशातल्या विजेपासून संरक्षणाचे उपकरण अर्थिंगसह लावा, नाहीतर मी वर जे संचाबद्दल लिहिले ते यालाही लागू होईल.

सोलेनॉइड लहान घंटेला चालतो. मोठ्या नगाऱ्यावर जोरदार टोला द्यायचा तर तो बराच मोठा घ्यावा लागतो आणि सलग वाजवला की तापतो. नगाऱ्यासाठी कॅमच बरा.

बैठकीआधी मुख्य दांड्याचा व्यास, दोन्ही पुलींची मापे आणि नगाऱ्याच्या तोंडाची रुंदी इथे लिहा. कॅमचे छायाचित्र बाजूने काढून टाका, म्हणजे उंचवटा किती झिजला आहे ते पाहून दांडा नवीन करावा लागेल की भरून चालेल, ते सांगता येईल.